धानानंतरचे शेत कोणाचे?

भंडारा जिल्ह्यात दिवाळीच्या आगेमागे धानाची कापणी सुरू होते. कापलेला धान दोन-चार दिवस बांधीतच पसरून वाळू दिला जातो, मग भारे बांधून पुंजणे रचले जाते आणि शेत रिकामे होताच गावातली गुरे त्यात उतरतात. त्यासाठी कोणी कोणाची परवानगी मागत नाही. सातबाऱ्यावर ज्याचे नाव, तो पावसाळ्याच्या चार-पाच महिन्यांपुरता शेताचा मालक; उरलेल्या काळात तेच शेत गावच्या गुरांचे, असा हा पिढ्यानपिढ्यांचा अलिखित करार आहे. शहरी वाचकाला तो विचित्र वाटेल. परंतु केवळ पूर्व विदर्भातच नव्हे, तर छत्तीसगडपासून ओडिशापर्यंतच्या भातपट्ट्यात तो कमी-अधिक फरकाने आढळतो. ‘मोकाट जनावरांचा हैदोस’ ही जिल्हा पानावरची नेहमीची बातमी खरे तर या करारापासून सुरू होते. तो करार पूर्वी का चालला आणि आता का चालत नाही, हे पाहिल्याशिवाय त्या बातमीचा अर्थ लागत नाही.

करार जुना, हिशेब नवा

१ मे १९९९ रोजी गोंदिया वेगळा झाल्यानंतर उरलेल्या भंडारा जिल्ह्यात आज भंडारा, मोहाडी, तुमसर, साकोली, लाखनी, लाखांदूर आणि पवनी हे सात तालुके आहेत. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्या सुमारे १२ लाख. मधून वैनगंगा वाहते आणि कोहळी समाजाच्या कौशल्यातून उभ्या राहिलेल्या मालगुजारी तलावांमुळे हा सारा टापू तलावांचा प्रदेश म्हणून ओळखला जातो. पाऊस भरपूर, वर्षाला सरासरी बाराशे ते तेराशे मिलिमीटर. पण तो जवळजवळ सगळा चार महिन्यांत पडून जातो. तलावाचे पाणी मुख्यतः धानाला ओढ बसली की देण्यासाठी. दिवाळीनंतर दुसरे पीक पूर्णपणे तारून नेईल इतके पाणी बहुतेक गावांत उरत नसे. साहजिकच धान निघाल्यावर शेतात राहायची ती धसकटे आणि धुऱ्यावरचे गवत. (धुरा म्हणजे दोन बांध्यांमधला बांध, आणि बांधी म्हणजे पाणी साठवण्यासाठी चारी बाजूंनी बांध घातलेला धानाचा तुकडा.) ते गुरांनी खाल्ले तर कोणाचेच काही बिघडत नव्हते. उलट शेण जागच्या जागी पडत होते.

शिवाय गुरे नुसती सोडून दिलेली नसत. सकाळी ती गावाबाहेरच्या ‘आखरा’वर जमत आणि तेथून गुराखी, म्हणजे इकडच्या बोलीतला ‘गायकी’, त्यांना रानात नेई. संध्याकाळी प्रत्येक जनावर आपापल्या गोठ्यात परते. या कामाचा मोबदला सुगीच्या वेळी जनावरामागे ठरलेल्या धान्याच्या रूपाने मिळे. पूर्व विदर्भात हे काम परंपरेने गोवारी समाजाकडे होते. बलिप्रतिपदेच्या ‘गायगोधन’ उत्सवात त्यांचा मान आजही आहे. महाराष्ट्रातील नागरी वाचकाला हा समाज माहीत आहे तो २३ नोव्हेंबर १९९४ रोजी नागपुरात विधिमंडळावर गेलेल्या मोर्चात झालेल्या चेंगराचेंगरीमुळे. त्या दिवशी ११४ गोवारी मृत्युमुखी पडले. त्यांचे गावगाड्यातील स्थान मात्र या एका कामावर उभे होते, हे फारसे कोणी सांगत नाही.

चराईसाठी जागाही होती. भंडारा पूर्वीच्या मध्य प्रांताचा भाग. त्या प्रांताच्या महसुली नोंदींत गावकऱ्यांचे ‘निस्तार’ हक्क लिहिलेले असत: कोणत्या रानात गुरे चरतील, सरपण कोठून आणायचे, कोणत्या तळ्यावर जनावरे पाणी पितील. १९५१ मध्ये मालगुजारी संपुष्टात आल्यावर ही रानेवने सरकारजमा झाली, पण वापर चालूच राहिला. ‘झुडपी जंगल’ हा शब्द आज न्यायालयांत गाजतो. मुळात गावालगतची ही खुरट्या झुडपांची जमीन म्हणजे बहुतांशी गुरांचे रान होते.

म्हणून एक भेद आरंभीच स्पष्ट करायला हवा. खुली चराई आणि मोकाट गुरे या दोन गोष्टी एक नव्हेत. खुल्या चराईत राखणदार असतो, वाट ठरलेली असते, वेळ ठरलेली असते. मोकाट जनावराला यातले काहीच नसते. भंडाऱ्यात गेल्या काही दशकांत घडले आहे ते हे, की पहिलीचे हळूहळू दुसऱ्यात रूपांतर झाले. करार मात्र तोच समजला गेला.

किती खाल्ले यापेक्षा केव्हा खाल्ले

गुरांनी केलेल्या नुकसानीचा विचार करताना आपण सहसा ‘अर्धा एकर खाल्ला’ अशी भाषा वापरतो. धानाच्या बाबतीत ही मोजणी फसवी आहे. धानाचे पऱ्हे, म्हणजे रोपे, आधी छोट्या तुकड्यात वाढवली जातात आणि तीन-चार आठवड्यांनी त्यांची मुख्य शेतात रोवणी होते. एक हेक्टर रोवणीसाठी साधारणपणे दहा आर क्षेत्रावर पऱ्हे टाकावे लागतात, म्हणजे दहास एक हे प्रमाण. जुलैच्या सुरुवातीला चार-पाच जनावरे अशा तुकड्यात तासभर शिरली तर पंचनाम्यात नुकसान दहा आराचे दिसते, पण धोक्यात येते ते हेक्टरभर शेत. नव्याने पऱ्हे टाकावे तर आणखी तीन आठवडे गेले, रोवणी लांबली आणि उत्पन्न घटले. शेजाऱ्याकडे उरलेले पऱ्हे मिळाले तर नशीब.

रोवणीनंतर फुटवे फुटण्याच्या काळात खाल्लेला धान काही अंशी पुन्हा फुटतो. शेतकरी हे जाणतात आणि त्या काळातल्या चुकार गाईबद्दल फार भांडत नाहीत. लोंबी गर्भात आल्यानंतर मात्र खाल्लेले परत येत नाही. त्याहून न दिसणारे नुकसान खुरांचे असते. ओला धुरा तुडवला गेला की खचतो आणि बांधीतले पाणी निघून जाते. पावसाने ओढ दिलेल्या आठवड्यात एका बांधीतून निघून गेलेले पाणी पुन्हा भरता येत नाही. कापणीनंतर शेतात वाळत पडलेला धान हा तिसरा नाजूक काळ. त्या वेळी जनावर जेवढे खाते त्याहून अधिक झाडून टाकते आणि चिखलात मिसळते.

या सगळ्यात शेतकऱ्याचा जो खर्च होतो तो कोणत्याही पिकाच्या उत्पादनखर्चात धरला जात नाही. तो म्हणजे जागल. दिवसभर शेतात राबलेला माणूस रात्री कंदील किंवा टॉर्च घेऊन पुन्हा शेतावर जातो. जंगलालगतच्या गावांत तो रानडुकरांसाठी जागतो आणि त्यातच गावच्या गुरांसाठीही. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प (२०१३), कोका अभयारण्य आणि पवनीकडचे उमरेड-कऱ्हांडला-पवनी अभयारण्य यांच्या परिसरात ही रात्रीची राखण जिवावर बेतू शकते, हे वेगळे सांगायला नको.

एकटा हिरवा तुकडा

तरीही खरिपातले नुकसान हा या प्रश्नाचा लहान भाग होय. पावसाळ्यात सगळ्यांचेच पीक उभे असते, त्यामुळे गाव आपोआप सावध असते. जनावर दुसऱ्याच्या शेतात शिरले तर आपल्याही शेतात शिरेल, हे प्रत्येकाला कळते. खरे मोल द्यावे लागते ते दिवाळीनंतर, आणि ते दिसत नाही, कारण जे पीक पेरलेच गेले नाही त्याचा पंचनामा होत नाही.

भातखाचरात धान निघण्यापूर्वी आठ-पंधरा दिवस, जमिनीत ओल असतानाच उभ्या पिकात लाखोळी किंवा जवस फेकून पेरायचे, अशी ‘उतेरा’ ही या भागातली जुनी पद्धत. नांगरट नाही, ओलित नाही, खर्च जवळजवळ नाही. धान कापला की खाली लाखोळीचे हिरवे पोपटी रान दिसू लागते. धुऱ्यावर तूर असते, ती धानाच्या नंतरही दोन-अडीच महिने उभी राहते. जेथे थोडे पाणी आहे तेथे हरभरा, गहू, भाजीपाला. ही सगळी पिके नेमकी त्या काळात कोवळी असतात, ज्या काळात जुन्या करारानुसार शेत गुरांचे असते.

आता एका शेतकऱ्याची अडचण पाहू. पन्नास एकरांच्या पट्ट्यात त्याची दोन एकर जमीन आहे. विहिरीला पाणी आहे, हरभरा पेरायची इच्छा आहे. बाकीचे अठ्ठेचाळीस एकर रिकामे आहेत आणि तेथे गुरे सोडलेली आहेत. सगळीकडे वाळकी धसकटे आणि मधोमध हा एकच हिरवा तुकडा. गावातले प्रत्येक जनावर तेथेच येणार. दोन एकरांना काटेरी तारेचे कुंपण घालावे तर त्याचा खर्च एका हंगामाच्या हरभऱ्यातून निघत नाही. रात्रंदिवस राखण करावी तर घरातला एक माणूस चार महिने अडकतो. तेव्हा तो हिशेब करतो आणि पेरत नाही. पुढच्या वर्षी शेजाऱ्याच्या मनात पेरण्याचे येते, तेव्हा त्याच्यापुढेही हाच हिशेब असतो. दोघांनी, चौघांनी, सगळ्यांनी एकाच वर्षी पेरले तर गुरे बांधावीच लागतील आणि सगळ्यांचेच पीक येईल. परंतु पहिला कोण पेरणार?

या एका प्रश्नावर या जिल्ह्याची कितीतरी जमीन एकपिकी राहते, असे माझे मत आहे. त्याला पाण्याचा अभाव हे कारण दिले जाते आणि ते खोटे नाही. पण ते पुरेही नाही. पवनी-लाखांदूरकडच्या ‘चौरास’ भागात काळ्या जमिनीवर रब्बीची परंपरा जुनी आहे, आणि जेथे सगळा पट्टाच हिरवा असतो तेथे गुरांचा प्रश्न एवढा तीव्र होत नाही. धरणाच्या लाभक्षेत्रातही तेच. इटियाडोहचे पाणी येते तेथे किंवा बावनथडीच्या कालव्यावर एकाच वेळी सगळे उन्हाळी धान लावतात, त्यामुळे गुरे बांधण्याचा निर्णय वेगळा घ्यावाच लागत नाही. गोसीखुर्दचे भूमिपूजन १९८८ मध्ये झाले, २००९ मध्ये तो राष्ट्रीय प्रकल्प झाला. त्याचे पाणी जसजसे शेतापर्यंत पोचते तसतसा हाच अनुभव येईल. अडचण उरते ती एकेकट्या विहिरींच्या आणि बोअरच्या, म्हणजे स्वतःच्या हिमतीवर पाणी उभे केलेल्या शेतकऱ्याची. ज्याने सरकारची वाट पाहिली नाही, त्यालाच गावची गुरे नडतात.

हा केवळ भंडाऱ्यापुरता मामला नाही. देशात भातानंतर पडीक राहणारी जमीन १ कोटी १० लाख हेक्टरांहून अधिक असल्याचे अंदाज आहेत. त्यातली बरीचशी पूर्व भारतात आणि मध्य भारतात आहे, आणि या जमिनीवर दुसरे पीक का येत नाही याची कारणे देताना कृषिशास्त्रज्ञ ओलाव्याच्या कमतरतेबरोबर मोकाट चराईचा उल्लेख न चुकता करतात. दुसरीकडे, २०२३-२४ मध्ये भारताने सुमारे ४७ लाख टन कडधान्ये आयात केली. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने कडधान्य स्वयंपूर्णतेचे अभियान सुरू केले, त्यात वाढीव ३५ लाख हेक्टरांसाठी मुख्य भिस्त भातानंतरच्या पडीक जमिनीवर ठेवली आहे. बियाणे, प्रात्यक्षिके, हमीभावाने खरेदी हे सारे त्यात आहे. गावची गुरे कोण बांधणार, या प्रश्नाला मात्र दिल्लीत उत्तर नसते. ते गावातच असते. शहरातल्या डाळीच्या भावाचा एक धागा असा आखरापर्यंत जातो.

गुरे मोकाट का झाली?

याचे खापर कोणा एकावर फोडता येणार नाही. पहिले कारण ट्रॅक्टर. चिखलणीला बैलजोडी लागत होती तोवर बैल हा घरातला कमावता सदस्य होता आणि त्याला उपाशी किंवा उघड्यावर ठेवणे परवडत नव्हते. २०१९ च्या विसाव्या पशुगणनेत देशातील गोवंशातल्या नरांची संख्या २०१२ च्या तुलनेत सुमारे ३० टक्क्यांनी घटलेली दिसली, तर गाईंची १८ टक्क्यांनी वाढली. बैल कामातून गेला. गावठी गाय बैल देते म्हणूनच पाळली जाई. दुधाला ती बेताचीच. तिचे कामही त्याबरोबर गेले, ती मात्र राहिली.

दुसरे कारण गुराखी. मजुरीसाठी नागपूर, रायपूर, पुणे असे पर्याय उपलब्ध असताना वर्षभर दुसऱ्याची गुरे राखून सुगीला पायलीच्या मापाने धान्य घेण्यास तरुण तयार नाही, आणि त्यात त्याची चूकही नाही. गुराख्याची मुले शाळेत गेली, ही आनंदाची गोष्ट आहे. पण त्याच्या जागी काय यावे याचा विचार झाला नाही.

तिसरे कारण चराईची जमीन. गायरानांवर घरे, सरकारी इमारती, शेती आणि अतिक्रमणे झाली. गावच्या सामाईक जमिनींवरील अतिक्रमणे काढण्याचा सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा निर्णय (जगपाल सिंग प्रकरण) सर्वश्रुत आहे; त्यानंतर राज्य शासनाने त्याच वर्षी गायरानांविषयी निर्णय काढला. प्रत्यक्षात काय झाले ते कोणत्याही गावाचा नकाशा आणि आजची स्थिती शेजारी ठेवली की दिसते. झुडपी जंगलाबाबत २२ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ही जमीन वन म्हणूनच गणली जाईल असा निर्णय दिला. पूर्व विदर्भातील अशा ८६ हजार ४०९ हेक्टरांचा प्रश्न त्यात होता. वन वाचणे योग्यच. पण या रानात चरण्याच्या जुन्या वहिवाटीचे काय, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. राखीव जंगलात जावे तर वाघाची भीती आणि वनखात्याची मनाई. मग जनावर जाणार कुठे? शेतातच.

चौथे कारण कायद्याचे आहे आणि त्यावर बोलताना लोक आवाज खाली करतात. महाराष्ट्रात गोहत्येला १९७६ च्या कायद्याने बंदी होती. ४ मार्च २०१५ पासून बैल आणि वळू यांच्या हत्येवरही बंदी आली. मुंबई उच्च न्यायालयाने मे २०१६ मध्ये ही बंदी वैध ठरवली. कायद्याच्या हेतूविषयी येथे वाद घालण्याचे कारण नाही. त्याचा आर्थिक परिणाम मात्र नोंदवला पाहिजे. म्हातारा बैल बाजारात विकून त्यात भर घालून नवा घेण्याचा जो मार्ग शेतकऱ्याला होता, तो बंद झाला. विकता येत नाही आणि पोसता येत नाही असे जनावर दावणीवरून सुटते. ते सोडणारा आणि ज्याच्या शेतात ते शिरते तो, दोघेही शेतकरीच.

यात आणखी एक कारण अलीकडे मिसळले आहे. हार्वेस्टरने कापलेल्या धानाचे तणस पूर्वीसारखे भाऱ्यांनी घरी येत नाही. बरेचसे शेतात विखरून राहते किंवा जाळले जाते. घरचा कोरडा चारा कमी झाला की गुरे बाहेर सोडण्याची ओढ वाढते.

फिरत्या पशुपालकांचा उल्लेखही येथे करायला हवा. विदर्भात कच्छ-सौराष्ट्रातून आलेले रबारी, भरवाड आणि स्थानिक नंदगवळी, कुरमार हे कळप घेऊन फिरतात. भांडण झाले की बोट पहिल्यांदा त्यांच्याकडे वळते. ते पुष्कळदा अन्यायाचे असते, कारण त्यांच्या कळपामागे माणूस असतो आणि शेतात खत म्हणून मेंढ्या-गाई बसवण्यासाठी अनेक शेतकरी त्यांना स्वतः बोलावतात. ज्याच्यामागे कोणीच नाही, ते जनावर बहुधा गावातलेच असते.

कायदा आहे, कोंडवाडा नाही

शेतकऱ्याला कायद्याचे संरक्षण नाही असे नव्हे. १८७१ च्या गुरे अतिक्रमण कायद्याने पिकात शिरून नुकसान करणारी जनावरे धरण्याचा अधिकार शेतकऱ्याला दिला आणि ती २४ तासांच्या आत कोंडवाड्यात पोचवण्याचे बंधन घातले. ग्रामपंचायतींच्या कायद्यातही कोंडवाड्याची तरतूद आहे. भारतीय दंड संहितेत ‘आगळीक’ या गुन्ह्याची व्याख्या करताना दिलेल्या उदाहरणांतच, पिकाचे नुकसान व्हावे या हेतूने दुसऱ्याच्या शेतात गुरे घालणारा माणूस होता. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेतही तो कायम आहे. दीडशे वर्षांत कायदे बदलले, तो मात्र हलला नाही.

अडचण अंमलबजावणीची. अनेक गावांत कोंडवाडा म्हणजे पडक्या भिंती. जेथे तो चालतो तेथेही जनावराच्या वैरण-पाण्याची जबाबदारी पंचायतीवर येते आणि वसूल झालेला दंड तिच्या तिजोरीत जातो. ज्याचे पीक गेले त्याच्या हाती काही पडत नाही. त्याने दिवाणी दावा लावावा, हा सल्ला ऐकायला बरा. मालकाने नाकारलेले जनावर असेल तर दंड भरायला कोणीच येत नाही, म्हणजे पंचायतीच्या गळ्यात ते कायमचे. आणि गाव लहान असते. ज्याचे जनावर धरायचे तो भावकीतला, नाहीतर उद्या रोवणीला ज्याच्या घरची माणसे बोलवायची आहेत तोच. पोलिसांत जाण्याऐवजी शेतकरी शिव्या देऊन गप्प बसतो.

पीकविम्याचा दरवाजाही बंद आहे. २०१६ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री पीकविमा योजनेच्या मार्गदर्शक सूचनांत पाळीव अथवा वन्य जनावरांनी पीक चरल्याचे नुकसान वगळण्यात आले होते. वन्यप्राण्यांच्या नुकसानीला वनखात्याकडून भरपाई मिळते, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राने विमा योजनेतही तिचा समावेश खरीप २०२६ पासून करण्याचे जाहीर केले. पाळीव गुरे तशीच बाहेर राहिली. त्यामागचा तर्क असा की हे नुकसान टाळता येण्याजोगे आहे. तर्क बरोबर आहे. फक्त ते टाळणे एकट्या शेतकऱ्याच्या हातात नाही.

राहता राहिले कुंपण. बोराटीच्या काट्या, धुऱ्यावर बेशरमाची रांग, हरभऱ्याभोवती काटेरी करडईचे किंवा गुरांना न आवडणाऱ्या जवसाचे पट्टे, हे स्वस्त उपाय शेतकरी पूर्वीपासून करतात आणि एखाद-दुसऱ्या चुकार गाईला ते थोपवतात. भुकेलेल्या कळपाला नाही. सौर कुंपणाला वनालगतच्या गावांत अनुदान मिळते, तेही वन्यप्राण्यांसाठी.

इतरांनी काय केले?

कुंपण कोणी घालायचे, पीकवाल्याने की गुरेवाल्याने, हा प्रश्न जगात इतरत्रही लढला गेला आहे. अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात १८७४ मध्ये काटेरी तारेचे पेटंट निघाले आणि मोकळ्या कुरणांचा काळ काही दशकांतच संपला. नायजेरियातील बेनुए हे धान्याचे कोठार म्हणवले जाणारे राज्य. तेथे मोकळ्या चराईवर बंदी घालणारा कायदा १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला, आणि दोन महिन्यांनी, २०१८ च्या नववर्षदिनी, झालेल्या हल्ल्यांत ७० हून अधिक शेतकरी व गावकरी मारले गेले. पशुपालकांना पर्यायी कुरण न देता केलेली बंदी कोठवर जाऊ शकते याचे हे भयंकर टोक. आपल्याकडे परिस्थिती तशी नाही. कारण बहुतेक ठिकाणी गुरेवाला आणि पीकवाला हे एकाच गावचे, पुष्कळदा एकाच घरचे आहेत.

उत्तर प्रदेशात २०१८-१९ च्या हिवाळ्यात वैतागलेल्या शेतकऱ्यांनी मोकाट गुरे सरकारी शाळांत कोंडली, तेव्हा राज्य सरकारला गोशाळांसाठी अर्धा टक्का उपकर लावावा लागला. त्या राज्यात २०१९ च्या गणनेत सुमारे १२ लाख मोकाट जनावरे नोंदली गेली होती. देशात ती ५० लाखांच्या घरात होती. इतकी जनावरे गोशाळांत कायमची पोसणे हा हिशेब किती जड आहे ते महाराष्ट्राच्याच आकड्यावरून कळते. राज्य शासनाने ३० सप्टेंबर २०२४ रोजी गोशाळांतील देशी गाईंसाठी दिवसाला ५० रुपये अनुदान जाहीर केले. म्हणजे एका गाईचे वर्षाला १८ हजार २५० रुपये, आणि एका गावातल्या पन्नास जनावरांचे नऊ लाखांवर. एवढी रक्कम पुष्कळ ग्रामपंचायतींच्या स्वतःच्या उत्पन्नापेक्षा मोठी असेल.

शेजारच्या छत्तीसगडचा प्रयोग भंडाऱ्याला अधिक जवळचा आहे, कारण तेथील शेती तशीच धानाची आणि बोलीही सीमेवर मिसळणारी. पेरणीपूर्वी गावाने एकत्र बसून गुरे रोखायची, ही तेथील ‘रोका-छेका’ची जुनी चाल. जून २०२० मध्ये राज्य सरकारने तिला मोहिमेचे रूप दिले, गावोगावी गोठाण उभारले आणि त्याच वर्षी जुलैपासून शेण दोन रुपये किलोने विकत घेण्यास सुरुवात केली. शेणाला भाव आला की जनावर घराजवळ बांधण्यात फायदा दिसतो, ही कल्पना चांगली होती. डिसेंबर २०२३ मध्ये सरकार बदलल्यावर ती मागे पडली. योजनेवर उभी राहिलेली शिस्त योजनेबरोबर जाते, असे म्हणायला त्यामुळे जागा आहे.

याउलट हिवरे बाजारची चराईबंदी. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील या गावाने नव्वदच्या दशकात डोंगरावर गुरे सोडणे थांबवले; गवत कापून न्यायला मात्र मुभा ठेवली. गवत वाढले तसे दूधही वाढले. दुष्काळी गावातील डोंगर आणि भंडाऱ्यातील बांध्या यांची तुलना ओढूनताणून करण्यात अर्थ नाही. पण एक गोष्ट उचलण्याजोगी आहे. तेथे बंदीबरोबर चाऱ्याची सोय आली. भूमिहीन माणसाची एकुलती गाय किंवा चार शेळ्या ज्या रानावर जगतात ते रान बंद करायचे आणि तिला चारा द्यायचा नाही, अशी बंदी टिकत नाही व टिकू नयेही.

भंडाऱ्यात चारा नाही असे नाही. तणस मुबलक आहे, पण निकृष्ट. त्यात प्रथिने जेमतेम तीन-चार टक्के. शंभर किलो तणसावर चार किलो युरिया पन्नास-साठ लिटर पाण्यात विरघळवून शिंपडायचा आणि ढीग तीन आठवडे हवाबंद झाकून ठेवायचा, ही प्रक्रिया पशुसंवर्धन खाते कित्येक वर्षांपासून सांगत आले आहे. तिने चारा अधिक पचनीय आणि सकस होतो. (युरियाचे प्रमाण वाढवू नये, जनावराला विषबाधा होते.) हार्वेस्टर वापरला तरी विखुरलेले तणस यंत्राने गोळा करता येते, मात्र ते यंत्र एकट्या दुकट्याला नव्हे, गटालाच परवडते. धुऱ्यावर सुबाभूळ, शेवरी किंवा हत्ती गवत लावले तर हिरवा चाराही निघतो, अर्थात त्या धुऱ्यावर आधी गुरे चढली नाहीत तर.

आणि गुराखी. समजा, एखाद्या गावात दोनशे जनावरे आहेत. प्रत्येक जनावरामागे मालकाने दिवसाला पाच रुपये दिले तर दिवसाचे हजार रुपये होतात. दोन माणसांना पाचशे-पाचशे. गोशाळेच्या अनुदानाचा हा दहावा भाग. तो मालकांकडूनच गोळा करायचा तर वसुलीसाठी ग्रामसभेचा ठराव लागेल, आणि तो ठराव खरिपात नव्हे तर दिवाळीपूर्वी, उतेऱ्याची लाखोळी शेतात पडण्याआधी व्हावा लागेल. त्यात दोनच गोष्टी ठरवायच्या: कोणत्या पट्ट्यात या वर्षी सगळ्यांनी मिळून रब्बी पेरायची, आणि त्या पट्ट्यात गुरे कोणत्या तारखेपर्यंत शिरणार नाहीत. उरलेले शिवार नेहमीप्रमाणे गुरांना मोकळे. सगळे गाव एकदम बंद करण्याचा आग्रह धरला की ठराव कागदावर राहतो. एक पट्टा राखला तर शेजारच्या पट्ट्यातले शेतकरी पुढच्या वर्षी स्वतःहून विचारायला येतात, कारण मार्चमध्ये हरभरा कोणाच्या घरी गेला ते सगळ्या गावाने पाहिलेले असते.